इन्ग्रिड बर्गमनचे हात

'नटोरियस'मधली किल्ली इन्ग्रिड बर्गमन या स्वीडिश अभिनेत्रीच्या चाहत्यांना वेगळी सांगावी लागत नाही. १९४६ सालचा हिचकॉकचा सिनेमा. बड्या घरात मेजवानी रंगलेली. कॅमेरा वरून, जवळजवळ छताच्या उंचीवरून सगळा दिवाणखाना न्याहाळतो आणि मध्ये एकदाही न तुटता खाली उतरत उतरत इन्ग्रिडच्या मुठीपाशी येऊन थांबतो. मुठीत तळघराची किल्ली, नवऱ्याच्या जुडग्यातून चोरलेली. यजमानीण म्हणून ती पाहुण्यांशी हसतेय, बोलतेय. भीती सगळी त्या बोटांत आहे.

चित्रीकरण संपल्यावर ती किल्ली सिनेमाचा नायक कॅरी ग्रँटने ठेवून घेतली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने ती इन्ग्रिडला दिली, शुभशकुन म्हणून. १९७९च्या मार्चमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकचा जीवनगौरव केला, त्या सोहळ्याचं सूत्रसंचालन इन्ग्रिडकडे होतं. शेवटी तिने ही सगळी हकीकत सांगितली आणि टेबलांमधून वाट काढत हिचकॉकपाशी जाऊन किल्ली त्याच्या हातात ठेवली. हिचकॉक तेव्हा थकलेला, आजारी होता. तो उठून उभा राहिला आणि दोघांनी मिठी मारली. ती चित्रफीत आजही पाहायला मिळते, आणि इन्ग्रिडविषयी बोलायला बसलं की कोणीतरी तिची आठवण काढतंच.

मला मात्र त्या प्रसंगाची आठवण वेगळ्या कारणाने येते. इन्ग्रिडविषयीची आपली सगळी चर्चा चेहऱ्यावर अडलेली असते. 'कॅसाब्लांका'मधले ओले डोळे, 'गॅसलाइट'मधली भेदरलेली नजर, निर्माता सेल्झनिकने भुवया कोरू दिल्या नाहीत आणि नावही बदललं नाही हा किस्सा. हे सगळं खरं आहे, सुंदरही आहे. पण पन्नाशीनंतरची इन्ग्रिड कळायची असेल तर हातांकडे पाहावं लागतं. तिच्या उत्तरायुष्यातली तीन मोठी कामं आणि तिचं आजारपण, दोन्ही हातांशी येऊन मिळतात.

त्याआधी मधल्या काळाचं थोडं बोलायला हवं, कारण चाहत्यांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

१९४८मध्ये इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनीचे दोन सिनेमे पाहून तिने त्याला पत्र लिहिलं. मी उत्तम इंग्रजी बोलते, जर्मन विसरलेले नाही, फ्रेंच फारसं समजण्यासारखं नाही आणि इटालियनमध्ये फक्त 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' एवढंच येतं, पण तुमच्याबरोबर काम करायला यायला तयार आहे, असा त्या पत्राचा मजकूर. १९४९मध्ये स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखीच्या बेटावर त्यांचा पहिला सिनेमा झाला. २ फेब्रुवारी १९५० रोजी मुलगा झाला, तेव्हा पहिल्या लग्नाचा प्रश्न सुटलेला नव्हता. १४ मार्चला कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभं राहून तिच्यावर आग पाखडली.

इथे नेहमी एक वाक्य येतं: 'अमेरिकेने तिला हद्दपार केलं.' हे चूक आहे. असा कोणताही हुकूम निघाला नव्हता. निर्माते मागे हटले, वर्तमानपत्रं तुटून पडली, स्त्रीसंघटना आणि चर्च विरोधात गेली, आणि ती स्वतः जवळजवळ सात वर्षं तिकडे फिरकली नाही. पहिल्यांदा गेली ती १९५७च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पुरस्कार घ्यायला, तीही अगदी धावती. त्याच वर्षी 'अनास्तासिया'साठी तिला दुसरा ऑस्कर मिळाला, तो तिच्या वतीने कॅरी ग्रँटने घेतला. १९७२मध्ये इलिनॉयचे सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्या जुन्या भाषणाबद्दलची दिलगिरी सिनेटच्या दप्तरात नोंदवली. हुकूम आणि बहिष्कार यांतला फरक बारीक वाटेल, पण तो सोडला तर तिचं परत येणं नीट कळत नाही. कुठलीही बंदी उठलेली नव्हती. ती आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्याने प्रकरण संपलं.

याच कथेचा एक धागा मुंबईत येतो. १९५६च्या डिसेंबरमध्ये रोस्सेलिनी भारतावर चित्रपट करायला आला आणि मुंबईच्या ताजमध्ये उतरला. इथे सोनाली दासगुप्ता त्याच्या आयुष्यात आली. ती माहितीपट करणाऱ्या हरिसाधन दासगुप्तांची पत्नी, दोन मुलांची आई. १९५७च्या मे महिन्यात भारतातल्या आणि युरोपातल्या वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचललं. इन्ग्रिड तेव्हा पॅरिसमध्ये रंगभूमीवर रोज प्रयोग करत होती. सात वर्षांपूर्वी जी बाई बातमीच्या एका टोकाला होती, ती आता दुसऱ्या टोकाला. बातमीदार तिच्या तोंडून एक कडू शब्द काढायला टपलेले. तिने तो दिला नाही. ऑक्टोबरमध्ये रोस्सेलिनी पॅरिसला पोहोचला, तेव्हा ती त्याला उतरवून घ्यायला गेली आणि छायाचित्रकारांसमोर त्याला मिठी मारली. महिनाभरात दोघं कायदेशीररीत्या वेगळे झाले. पुण्यात जन्मलेले पत्रकार दिलीप पाडगावकर यांनी रोस्सेलिनीच्या या भारतभेटीवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय. ज्यांना फक्त चविष्ट प्रकरण हवंय त्यांनाही ते वाचताना कळेल की त्या वर्षात किती लोकांची घरं हलली.

पुढे १९५८मध्ये तिने लार्स श्मिट या स्वीडिश नाट्यनिर्मात्याशी लग्न केलं. ते १९७५मध्ये मोडलं, पण मैत्री शेवटपर्यंत टिकली. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्येलबाका गावासमोर दानहोल्मेन नावाचं खडकाळ बेट आहे. तिथलं श्मिटचं घर हीच तिच्या उन्हाळ्यांची जागा झाली.

आता १९७४.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेट 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' जमवत होता. त्याने तिला राजकन्या द्रागोमिरॉफची भूमिका देऊ केली. दागिने, दिमाख, तिरकस संवाद, सगळ्यांच्या नजरा वळतील अशी. इन्ग्रिडने सगळं वाचून सांगितलं, मला ग्रेटा ओल्सन हवी. ग्रेटा म्हणजे एक भित्री, देवभोळी स्वीडिश मिशनरी बाई; पटकथेत तिच्या वाट्याला सांगण्यासारखा प्रसंग एकच, गुप्तहेर प्वारो तिची चौकशी करतो तो. ल्युमेटने तो प्रसंग जवळजवळ पाच मिनिटांच्या एकाच सलग टेकमध्ये घ्यायचं ठरवलं.

हे किती जोखमीचं होतं ते आज, डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात, पटकन लक्षात येत नाही. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालली की मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे साडेचार मिनिटांच्या टेकला चारशे फुटांवर फिल्म. हजार फुटांच्या डब्यात असे दोन टेक मावतात, तिसऱ्याला डबा बदलावा लागतो. टेक सलग असला की संकलकाच्या हातात काही उरत नाही. तिसऱ्या मिनिटाला नट अडखळला तर तेवढाच तुकडा बदलता येत नाही; पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात. फोकस सांभाळणारा सहायक लेन्सपासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर आधी टेपने मोजून ठेवतो. नट बोलता बोलता वीतभर पुढे झुकला की त्याच क्षणी फोकस फिरवावा लागतो. त्यात रेल्वेच्या डब्याचा अरुंद सेट, म्हणजे कॅमेऱ्याला मागे सरकायलाही जागा थोडी. अशा टेकमध्ये नटाने उत्स्फूर्त काही केलं तर सगळे बुडतात, आणि सगळं घोकून केलं तर ते घोकलेलं दिसतं.

इन्ग्रिडने काय केलं ते पाहायचं असेल तर तो प्रसंग दोनदा पाहावा. पहिल्यांदा नेहमीसारखा, संवाद ऐकत. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज असताना लक्ष तिच्या मोडक्या इंग्रजीकडे जातं. शब्द सापडत नाही, सापडतो, चुकीचा सापडतो. ही बाई स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन अशा पाच भाषांत अभिनय केलेली. हॉलीवूडमध्ये आल्यावर तिने स्वीडिश हेल घासून घासून कमी केला होता, आणि इथे तोच हेल ती जाणूनबुजून परत आणते, जास्तीचा लावून. आवाज बंद केला की मग बाकीचं दिसतं. भीती, धर्मभोळा अभिमान, एकदम चमकणारा आनंद, पुन्हा भीती, हे सगळं एका श्वासात एकमेकांत मिसळत जातं आणि कुठेही सांधा दिसत नाही. समोर अल्बर्ट फिनीचा प्वारो आहे. त्याने हा प्रसंग सबंध तिला देऊन टाकलाय, ही त्याचीही मोठी कामगिरी.

या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला, तिचा तिसरा. १९७५च्या एप्रिलमध्ये तो घेताना तिने व्यासपीठावरूनच सांगितलं की तो त्याच पुरस्काराच्या शर्यतीतल्या व्हॅलेंटिना कोर्तेसेला मिळायला हवा होता. कोर्तेसे समोर बसलेली होती. काही जण आजही म्हणतात, हा पुरस्कार जुन्या पापाचं परिमार्जन म्हणून दिला. असेलही. पण म्हणून त्या साडेचार मिनिटांचं मोल कमी होत नाही. पुरस्काराचं कारण आणि कामाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या फार सहज एकात गुंडाळतो.

जे फार थोडे जण लक्षात घेतात ते पुढेच आहे. १९७३च्या अखेरीस, लंडनला नाटकाचे प्रयोग चालू असताना, स्तनातली गाठ तिच्याच हाताला लागली होती. वर्तमानपत्रातला स्तनकर्करोगावरचा लेख वाचता वाचता तिने सहज हात लावून पाहिलं, आणि गाठ. डॉक्टर म्हणाले, उशीर नको. तिने आधी नाटक पुरं केलं, मग 'ओरिएंट एक्सप्रेस'. शस्त्रक्रिया झाली १९७४च्या जूनमध्ये. म्हणजे ग्रेटाचा तो सलग टेक देणाऱ्या बाईला आपल्या अंगात काय आहे हे माहीत होतं.

यावर चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, केवढी निष्ठा. दुसरा म्हणतो, केवढा अविचार. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. गाठ लागल्यावर महिनोन्‌महिने थांबणं ही कोणी अनुकरण करावी अशी गोष्ट नाही. त्या काळातही नव्हती, आज तर मुळीच नाही. तिच्या कामावर जीव टाकणाऱ्यांनी या थांबण्यावर फुलं वाहू नयेत. प्रयोग रद्द झाला असता तर थोडा तोटा झाला असता, इतकंच. पण तिला स्वतःला तो हिशेब जमत नव्हता, हेही खरं. १९७५मध्ये तेच नाटक घेऊन ती अमेरिकेत गेली, लॉस एंजेलिसला चालताना पाय मुरगळून पायाचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये. प्रयोग थांबला नाही. तिने चाकाच्या खुर्चीत बसून तो केला. सगळ्या हालचाली, येणं-जाणं, खुर्चीच्या वळणांवर नव्याने बसवल्या.

आणि तरी 'करिअरसाठी मुलं सोडलेली बाई' हे चित्र अपुरंच. १९६६च्या सुमाराला रोस्सेलिनीपासून झालेल्या तिच्या मुलीचा, इसाबेलाचा, पाठीचा कणा वाकत चालल्याचं लक्षात आलं. तेव्हाचा उपाय भयंकर होता: अंग ताणून प्लास्टरमध्ये जखडायचं, पुन्हा ताणायचं, पुन्हा नवं प्लास्टर, मग शस्त्रक्रिया, आणि नंतर पुन्हा कित्येक महिने प्लास्टर. त्या काळात इन्ग्रिडने काम बाजूला ठेवलं आणि ती इटलीत मुलीच्या उशाशी बसली. तिची चरित्रं वाचताना ही पानं लोक भराभर उलटतात, कारण त्यात प्रकरण नाही.

मुलींचा विषय निघाला की 'ऑटम सोनाटा' येतोच.

त्याचा स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन आणि इन्ग्रिड बर्गमन यांचं नातं काही नव्हतं, आडनाव तेवढं एक. तुमच्यासाठी सिनेमा लिहीन, असं इंगमारने तिला एका जुन्या पत्रात कबूल केलं होतं. १९७३मध्ये ती कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती. तिथे गर्दीत इंगमार दिसला, तेव्हा तिने त्याच पत्राची आठवण करून देणारी चिठ्ठी त्याच्या खिशात सारली. चित्रीकरण झालं १९७७च्या शरदात, नॉर्वेत. करचुकवेगिरीच्या प्रकरणात पोलिसांनी नाट्यगृहातून उचलून नेल्यामुळे इंगमारने १९७६मध्ये स्वीडन सोडलं होतं, म्हणून नॉर्वे.

शार्लोट ही जगभर मैफिली करणारी पियानोवादक. सात वर्षांनी ती मुलीच्या, एवाच्या घरी येते. एवा म्हणजे लिव उल्मन. घरात आणखी एक मुलगी आहे, हेलेना, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली. शार्लोटला ती तिथे असल्याचं माहीतच नसतं. रात्री मायलेकींचं जे बोलणं होतं ते ऐकवत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या संध्याकाळचं. एवा पियानोवर शोपँचं प्रेल्यूड वाजवते, ओपस २८ मधलं दुसरं, ए मायनर. अवघ्या तेवीस बारची रचना, दोनेक मिनिटांत संपते. ऐकायला सोपी वाटते आणि वाजवायला विचित्र आहे. डाव्या हाताला रुंद पसरलेले, एकमेकांशी न जुळणारे स्वर सारखे झोके घेत राहतात, आणि वर उजव्या हाताची एकटी, तुटक ओळ. डावा हात जरा मोठा झाला की गाणं बुडतं, उजव्याने जास्त भावना ओतली की रडगाणं होतं. एवा घाबरत, अडखळत वाजवते. मग आईला विचारते, कसं झालं? आई आधी टाळते. मग सांगते की शोपँ भावुक आहे, पण रडका नाही. वेदना आहे, ती दाबून धरलेली आहे. आणि स्वतः वाजवून दाखवते.

हा प्रसंगही दोनदा पाहावा. पहिल्यांदा फक्त वादन ऐकायला: दोन्ही वेळचं वादन काबी लारेतेईचं आहे. ती इंगमारची आधीची पत्नी, स्वतः नामांकित पियानोवादक. एकाच बाईने एकच रचना आधी भित्र्या हाताने आणि मग सराईत हाताने वाजवलीय. ज्यांनी कधी पेटीवर किंवा पियानोवर बोटं ठेवलीत त्यांना कळेल की वाईट वाजवणं, आणि तेही प्रामाणिक वाईट, हे चांगलं वाजवण्याइतकंच अवघड. दुसऱ्यांदा पाहताना इन्ग्रिडच्या खांद्यांकडे पाहा. पडद्यावर वादकाचं सोंग उघडं पडतं ते बोटांत नाही, कोपरापासून खांद्यापर्यंत. नवखे नट बोटं नाचवतात आणि खांदे ताठ ठेवतात; खरा वादक खांद्यातून वजन खाली सोडतो. इन्ग्रिडला हे नवं नव्हतं. 'इंटरमेझो'मध्ये, आधी १९३६ला स्वीडनमध्ये आणि मग १९३९ला तिच्या पहिल्या हॉलीवूड सिनेमात, तिने पियानोवादकाचीच भूमिका केली होती. चित्रपटगृहासाठी केलेला तिचा शेवटचा सिनेमाही पियानोवरच येऊन थांबतो.

आणि लिव उल्मन. आई वाजवतेय, मुलगी शेजारी बसून तिच्याकडे पाहतेय. स्वेन निकविस्टचा कॅमेरा दोन्ही चेहरे एकाच चौकटीत धरून ठेवतो. मुलीच्या नजरेत आधी कौतुक असतं, मग ते ओसरतं, आणि खाली जे उरतं त्याला मराठीत मला एक शब्द सापडत नाही. हा सिनेमा मूळ स्वीडिशमध्येच पाहावा. इंग्रजी आवाज चढवलेली प्रत मिळते, ती घेऊ नये. कित्येक वर्षांनी मातृभाषेत बोलताना इन्ग्रिडचा आवाज घोगरा, खालच्या पट्टीत उतरलेला आहे, आणि तो ऐकला नाही तर अर्धी शार्लोट गेली.

सेटवर दोघं बर्गमन भांडले, हे सगळ्यांना माहीत आहे. ती घरून आरशासमोर सगळी तयारी करून आली होती, हातवारे आणि स्वरांच्या चढउतारांसकट. इंगमारला ते जुन्या वळणाचं वाटलं. तिची तक्रार वेगळीच होती. कुठली आई सात वर्षं मुलीला भेटायला येत नाही? थोडं हसू तरी येऊ दे या बाईच्या तोंडी. लिव उल्मनने सांगितलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. मध्यरात्रीच्या प्रसंगात मुलगी आरोपांमागून आरोप करते आणि शार्लोटने लहान मुलासारखं तिच्यापाशी माया मागायची असते. इन्ग्रिड अडून बसली. हे मी म्हणणार नाही, मला हिच्या थोबाडीत मारून निघून जावंसं वाटतंय. ती आणि इंगमार बाहेर गेले, आरडाओरडा झाला, परत आले. तिने इंगमारचेच शब्द म्हटले, पण चेहऱ्यावर तो सगळा राग तसाच होता. पडद्यावर आहे तो तोच चेहरा.

'ती स्वतःचीच भूमिका करत होती', असं म्हणून पुष्कळ जण इथे चर्चा संपवतात. मला ते पटत नाही. शार्लोट इंगमारने लिहिली. इन्ग्रिडने प्रत्येक पायरीवर तिच्या वतीने भांडण केलं, तिची बाजू मागितली, आणि त्या भांडणामुळेच ती राक्षसीण न होता माणूस राहिली. मात्र दूर राहिलेल्या आईला घरात शिरताना किती जोरात हसावं लागतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नसणार. पहिल्या लग्नाची मोठी मुलगी पिया हिला ती १९५७च्या जुलैमध्ये पॅरिसला भेटली, ती सहा वर्षांनी. मधे १९५२मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात तेरा वर्षांच्या पियाला न्यायाधीशांनी विचारलं होतं की आई आवडते का. आवडते, पण तिच्यावर माझं प्रेम नाही, अशा अर्थाचं ती बोलली. उन्हाळ्यात मुलीला इटलीत पाठवण्याची इन्ग्रिडची मागणी न्यायालयाने फेटाळली.

चित्रीकरणाच्या सुमारालाच आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. पुढे दुसऱ्या बाजूचीही शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात, १९७८मध्ये, लंडनच्या हेमार्केट थिएटरात तिने वेंडी हिलरबरोबर नाटक केलं, ते तिचं शेवटचं.

मग १९८१, इस्रायल, आणि 'अ वुमन कॉल्ड गोल्डा', दूरचित्रवाणीसाठी चार तासांचा चित्रपट. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयरची भूमिका आली तेव्हा तिने आधी नकार दिला. तिचं म्हणणं बरोबर होतं: मी पावणेसहा फूट उंच, स्वीडिश, ज्यू नाही. गोल्डा बुटक्या, जाडजूड बांध्याच्या, पाय सुजलेले, पायात जाड टाचांचे जड बूट. निर्मात्यांनी मनधरणी केली. तिने गोल्डाच्या जुन्या चित्रफिती मागवल्या आणि चाल, बसणं, सिगारेट धरायची ढब पाहत राहिली.

अडचण हाताची होती. स्तनाच्या शस्त्रक्रियेत त्या काळी काखेतल्या लसिकाग्रंथीही काढून टाकत. त्या गेल्या की हातातून परत फिरणाऱ्या द्रवाची वाट बंद होते. तो हातातच साचतो, हात सुजतो, जड होतो, कातडी ताणून चकचकीत होते. हात खाली लोंबता राहिला, दिवसभर उभं राहून काम केलं, की सूज वाढते. हात हृदयाच्या वर धरला की द्रव थोडा उतरतो. इन्ग्रिडचा एक हात असा सुजून मोठा झाला होता. लांब बाह्यांत तो झाकता येई. पण पंजा झाकता येत नाही, आणि गोल्डा हातांनी बोलणारी बाई. तेव्हा काही दृश्यांसाठी ती आदल्या रात्री हात उंच बांधून, तसाच वर टांगून झोपली. सकाळपर्यंत सूज उतरायची, कॅमेऱ्यासमोर जाण्यापुरती. दिवस चढत जाई तशी ती परत यायची. म्हणजे ज्या दृश्यात हात दिसायला हवा ते सकाळीच उरकावं लागणार, हा त्यातला सरळ हिशेब.

हे कळल्यावर तो चित्रपट पाहणं बदलतं. तरुणपणची गोल्डा ज्यूडी डेव्हिसने केलीय, तिचे हात मोकळे फिरतात. पुढे इन्ग्रिड येते आणि हातांच्या हालचाली कमी, नेमक्या, हिशेबी होतात. पाहणाऱ्याला ते वय वाटतं, पंतप्रधानपदाचा भार वाटतो. तिने दुखण्याची भर थेट भूमिकेत टाकली. योगायोग असा की गोल्डा मेयर यांनाही लसिकाग्रंथींचाच कर्करोग होता, आणि तो त्यांनी अनेक वर्षं, पंतप्रधान असतानाही, लोकांपासून लपवून ठेवला होता. इसाबेलाने नंतर सांगितलं की गोल्डामध्ये मला कधी न पाहिलेली माझी आई दिसली. घरातली आई धीराची होती, पण हळवी होती, आणि ही पडद्यावरची बाई कशालाच भीत नव्हती.

इन्ग्रिडचं निधन लंडनमध्ये झालं, २९ ऑगस्ट १९८२ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी. तिच्या इच्छेप्रमाणे अस्थी दानहोल्मेनजवळच्या समुद्रात सोडल्या, काही स्टॉकहोममध्ये आईवडिलांशेजारी ठेवल्या. आई ती तीन वर्षांचीही नसताना गेली होती, वडील तेराव्या वर्षी. वडिलांचं छायाचित्रांचं दुकान होतं, आणि त्यांनीच तिला पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं.

तीन आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, अमेरिकेत एमी पुरस्कार जाहीर झाले. गोल्डासाठी इन्ग्रिडचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठावर जाऊन तो हातात घेतला पियाने.